मोजणीच्या यंत्राची शिदोरी



गावात मोजणी यायची म्हटली म्हणजे चार घरांची झोप उडते. नोटिसा निघालेल्या असतात, लगतच्या शेतांचे मालक बोलावलेले असतात, कोणी पुण्याहून, कोणी मुंबईहून रजा काढून आलेला असतो. पंच जमतात, बांधावर कोण कोठे उभा राहणार यावरून आधीच कुरबुर झालेली असते. मोजणीदार येतात, तिपाई मांडतात, तीवर एक डोळ्याचे यंत्र बसवतात आणि काम सुरू होते. दुपारी दोनच्या सुमारास यंत्राच्या पडद्यावर बॅटरीचे चित्र लुकलुकू लागते, आणि थोड्याच वेळात पडदा काळा होतो. पेटीतली दुसरी बॅटरी काढावी तर ती काल रात्री चार्जिंगला लावायची राहून गेलेली! झाले. सगळी मंडळी पुन्हा जमवायची, पुन्हा तारीख घ्यायची, पुन्हा त्याच बांधावर तीच कुरबुर.

हे यंत्र काय खाऊन चालते, त्याची शिदोरी किती वेळ पुरते, ती कशाने नासते आणि ती मध्येच संपली तर आपल्या हद्दीचे काय होते, हे आज पाहू. हा विषय मोजणीदारांचा आहे, आपल्याला काय त्याचे, असे म्हणू नका. जमीन तुमची आहे.

पूर्वी ही अडचण नव्हती. आपल्या मुलखात इंग्रजी अमलातली जमिनीची पाहणी 1836 च्या सुमारास पुणे जिल्ह्यातल्या इंदापूर तालुक्यात सुरू झाली. मोजणीचे मुख्य साधन म्हणजे लोखंडी साखळी. तीही कशी, तर 33 फुटांची, आणि तिचे भाग 16, म्हणजे रुपयाप्रमाणे सोळा आणे! एक साखळी लांब आणि एक साखळी रुंद जागा म्हणजे एक गुंठा. 33 गुणिले 33, म्हणजे 1089 चौरस फूट. असे 40 गुंठे म्हणजे एक एकर. गुरुजी हा गुणाकार मुलांकडून करून घेतीलच. उत्तर 43,560 यायला हवे. ह्या साखळीला ना तेल लागे ना वीज. तिला लागत ती दोन माणसे, आणि त्यांचीच भाकरी बांधून न्यावी लागे.

अंतर मोजण्याचे काम विजेकडे आले ते गेल्या शतकाच्या मध्यावर. स्वीडनमधील एरिक बर्गस्ट्रँड या शास्त्रज्ञाने प्रकाशाच्या साहाय्याने अंतर मोजणारे यंत्र तयार केले, ते 1953 च्या सुमारास बाजारात आले. त्याचे वजन शंभर किलोच्या घरात होते, आणि दिवसाच्या उजेडात त्याचा प्रकाश फिका पडे म्हणून ते बहुधा रात्री वापरत. पुढे 1957 साली दक्षिण आफ्रिकेत ट्रेव्हर वॅडली यांचे रेडिओलहरींवर चालणारे यंत्र आले. ते दिवसाही चाले, धुक्यातही चाले. मग 1970 नंतरच्या दशकात कोन मोजणारी दुर्बीण आणि अंतर मोजणारा प्रकाश एकाच डब्यात बसले. यालाच आज आपण टोटल स्टेशन म्हणतो. आपल्या सरकारी कागदात ईटीएस असे लिहिलेले आढळेल. शंभर किलोंचे काम पाच-सहा किलोंच्या डब्यात आले, आणि विजेचा सगळा भार मुठीएवढ्या बॅटरीवर पडला.

आता लोकांच्या मनातल्या एका शंकेकडे वळू. ती पुष्कळ ठिकाणी ऐकू येते. “बॅटरी उतरत आली होती, म्हणून माझ्या गटातले दोन गुंठे कमी भरले.” ही शंका कोठून आली ते समजण्यासारखे आहे. आपल्याकडे हातातल्या विजेरीलाच बॅटरी म्हणतात. तिचे सेल उतरले म्हणजे उजेड पिवळा पडतो, लांबचे दिसेनासे होते. तेव्हा यंत्राचेही तसेच होत असेल, त्याचाही झोत दमत असेल आणि अंतर कमी दाखवत असेल, असे वाटणे साहजिक आहे.

परंतु तसे होत नाही. का, ते पाहा. यंत्र समोरच्या काचेच्या लोलकावर, म्हणजे प्रिझमवर, प्रकाश टाकते. तो परत येतो. जायला-यायला किती वेळ लागला यावरून अंतर कळते. प्रकाश एका सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर जातो; तेव्हा दीडशे मीटरवरच्या प्रिझमपर्यंत जाऊन परत यायला त्याला सेकंदाचा दहा लाखावा हिस्सा पुरतो. एवढा बारीक काळ यंत्र प्रकाशाच्या लहरींच्या ठेक्यावरून ओळखते, आणि तो ठेका धरणारा स्फटिक आत बसवलेला असतो. बॅटरी आणि हा स्फटिक यांच्यामध्ये एक राखणदार मंडल असते. बॅटरीचा दाब थोडा चढला, थोडा उतरला, तरी ते आत एकसारखाच दाब सोडते. बॅटरी इतकी उतरली की त्या मंडलालाही सांभाळता येईना, तर यंत्र बंद पडते. म्हणजे ते एकतर बरोबर चालते, नाहीतर चालतच नाही. विजेरीसारखे पिवळे पडत पडत चालत नाही. दोन गुंठे कमी भरले असतील तर त्याचे कारण दुसरीकडे शोधले पाहिजे: जुन्या टिपणात, हललेल्या दगडात, किंवा सरकत गेलेल्या बांधात.

मग बॅटरी उतरल्याने काहीच बिघडत नाही काय? बिघडू शकते, पण ते दुसऱ्या वाटेने. यंत्र एका जागी उभे केले म्हणजे मोजणीदार त्याला दोन गोष्टी शिकवतात: तू कोठे उभा आहेस, आणि कोणत्या दिशेला पाहतो आहेस. दिशा शिकवण्यासाठी मागच्या एका ठाऊक खुणेकडे दुर्बीण वळवून तिची नोंद करतात. पुढचे सारे बिंदू या दिशेला धरून मांडले जातात. यंत्र मध्येच बंद पडले, कोणी घाईने बॅटरीचे झाकण उघडले, धक्का लागून तिपाईचा एक पाय मातीत जरा रुतला, आणि यंत्र सुरू होताच मागची खूण पुन्हा न पाहता पुढचे बिंदू घेतले, तर त्या क्षणापासूनचा सगळा नकाशा किंचित फिरतो. कोनात एका मिनिटाचा, म्हणजे अंशाच्या साठाव्या भागाचा, फरक पडला तर शंभर मीटरवर तीन सेंटिमीटरची चूक होते. वीस मिनिटांचा पडला तर अर्ध्या मीटरहून अधिक. बांधावरून जेथे डोकी फुटतात तेथे अर्धा मीटर म्हणजे थोडा नव्हे.

म्हणून, शेतकरी बंधूंनो, मोजणी चालू असताना बॅटरी बदलली गेली तर एवढेच विचारा: “साहेब, मागची खूण पुन्हा पाहून घेतली ना?” चांगला मोजणीदार या प्रश्नाने रागावत नाही. तो आधी बुडबुडा पाहतो, यंत्र समपातळीत आहे याची खात्री करतो, मागच्या खुणेवर दुर्बीण लावतो, आणि आधी मोजलेला एखादा बिंदू पुन्हा मोजून आकडा जुळतो का ते बघतो. याला पाच मिनिटे लागतात. आधी घेतलेल्या नोंदी मात्र पुसल्या जात नाहीत, बरं का. त्या यंत्राच्या स्मृतीत लिहिलेल्या असतात आणि वीज गेली तरी राहतात.

आता शिदोरीचे मोजमाप. बॅटरीवर तीन गोष्टी छापलेल्या असतात किंवा त्यावरून काढता येतात. व्होल्ट, अँपिअर-तास आणि वॅट-तास. विहिरीवरच्या टाकीचे उदाहरण घ्या. टाकी किती उंच आहे यावर नळाला पाण्याचा जोर ठरतो; तो जोर म्हणजे व्होल्ट. नळातून दर घटकेला किती पाणी वाहते ती धार म्हणजे अँपिअर. टाकीत एकूण पाणी किती, ते अँपिअर-तास. आणि त्या उंचीवरून तेवढे पाणी सोडून एकूण किती काम करून घेता येईल, ते वॅट-तास. टोटल स्टेशनच्या एका नेहमीच्या लिथियम बॅटरीवर 7.4 व्होल्ट आणि 4.4 अँपिअर-तास असे आकडे असतात. दोहोंचा गुणाकार केला की सुमारे साडेबत्तीस वॅट-तास होतात. यंत्र सरासरी चार वॅट खात असेल असे समजा, तर ही शिदोरी आठ तास पुरेल. पण सहा वॅट खाऊ लागले तर सव्वापाच-साडेपाच तासांतच संपेल. आणि हीच बॅटरी जुनी होऊन तिच्यात सत्तर टक्केच जीव उरला असेल, तर पावणेचार-चार तासांवर आली. सकाळी नऊला सुरुवात केली तर एक वाजता पडदा काळा!

हे चाराचे सहा वॅट कशाने होतात, तर सवयींनी. यंत्राची सर्वांत मोठी भूक अंतर मोजताना लागते. प्रिझमवर एकदा प्रकाश टाकून एक अंतर घ्यावे आणि थांबावे, ही एक रीत. दुसरी रीत सतत मोजत राहण्याची. प्रिझम हातात धरलेला माणूस जागा शोधत फिरतो आणि यंत्र क्षणोक्षणी अंतर सांगत राहते. खूण रोवताना ही दुसरी रीत सोयीची असते, पण काम झाल्यावरही ती तशीच चालू ठेवली तर बॅटरी उगाच जळते. प्रिझम न ठेवता थेट भिंतीवर किंवा दगडावर झोत टाकून मोजायचे म्हटले तर परत येणारा प्रकाश फारच थोडा असतो. मग झोत जोरकस लागतो, वेळही अधिक लागतो. जेथे माणूस पोचतो तेथे प्रिझम न्यावा हे बरे. त्यानंतर पडद्यामागचा दिवा. भर उन्हात पडदा दिसत नाही म्हणून तो दिवा पुरा वाढवतात. यंत्रावर एक मोठी छत्री धरली की दिवाही कमी पुरतो, यंत्रही तापत नाही, आणि मोजणीदाराचे डोळेही शाबूत राहतात. काही यंत्रे आपोआप वळून प्रिझमच्या मागे फिरतात. त्यांच्या पोटात मोटारी असतात. त्यांची भूक साध्या यंत्राहून मोठी, हे वेगळे सांगायला नको.

काही जण काटकसर म्हणून दोन बिंदूंच्या मध्ये यंत्रच बंद करतात. माझ्या मते ही काटकसर नव्हे. पुन्हा सुरू करताना यंत्राला सावरायला वेळ लागतो, वीज लागते, आणि मागच्या खुणेची खातरजमा पुन्हा करावी लागते. ती करायचा कंटाळा केला तर तेलही गेले आणि तूपही गेले. दिवा कमी करा, सतत मोजणे थांबवा, पण उभे केलेले यंत्र त्या जागेचे काम संपेपर्यंत चालू राहू द्या. आणि बॅटरी बदलायचीच असेल तर शेवटच्या थेंबाची वाट न पाहता एका जागेचे काम संपवून दुसरीकडे जाताना बदला.

अलीकडे गावोगाव रोव्हर नावाचे दुसरे यंत्र दिसू लागले आहे. काठीच्या टोकाला पांढरी टोपी असावी तसे ते दिसते. ते आकाशातल्या उपग्रहांचे संकेत ऐकते, आणि राज्यभर बसवलेल्या कायमच्या स्थानकांकडून मोबाइलच्या जाळ्यामार्फत दुरुस्ती मिळवते. संकेत ऐकण्याला फारशी वीज लागत नाही. वीज जाते ती मोबाइलशी बोलण्यात आणि हातातल्या पडद्यात. जेथे मोबाइलची रेंज कमी तेथे यंत्राला मोठ्याने ओरडावे लागते. तुमचा फोनही डोंगरात लवकर उतरतो, त्याचे कारण हेच. म्हणून घाटमाथ्यावरच्या कामाला माळावरच्यापेक्षा एक बॅटरी जास्तीच बांधावी. शिवाय रोव्हरच्या टोपीत एक बॅटरी आणि हातातल्या पाटीत दुसरी, अशा दोन शिदोऱ्या असतात. एक भरलेली आणि दुसरी उपाशी असली तरी काम थांबतेच.

जेथे रेंज मुळीच नाही, तेथे पथक आपले स्वतःचे स्थानक एका ठाऊक खुणेवर मांडते आणि रेडिओने दुरुस्ती पाठवते. हा रेडिओ 35 वॅटचा असला तर बॅटरीतून तो त्याहून बरीच जास्त वीज ओढतो, कारण काही वीज उष्णतेतच जाते. तेथे मुठीएवढी बॅटरी पुरत नाही. 12 व्होल्टची, मोटारीची किंवा ट्रॅक्टरची असते तशी, शिसे-आम्लाची बॅटरी लागते. ती तुमच्या परिचयाची आहे. पूर्ण भरून थोडा वेळ स्वस्थ ठेवली तर तिचा दाब साडेबारा व्होल्टच्या जरा वर दिसतो. 12 च्या खाली आला की ती रिकामी होत आली असे समजावे. तिच्यात ऊर्ध्वपातित पाणीच घालावे, विहिरीचे किंवा हापशाचे नव्हे. चार्जिंग होताना तिच्यातून ज्वालाग्राही वायू निघतो, तेव्हा जवळ विडी पेटवू नये. आणि ती उतरलेल्या स्थितीत कोपऱ्यात टाकू नये. आतल्या पत्र्यांवर खडे धरतात आणि मग ती पुन्हा पुरती भरत नाही. तिला नेहमी भरून ठेवावे.

येथेच एक घोळ होतो. शिसे-आम्लाचा नियम लोक लिथियमला लावतात, आणि निकेल-कॅडमियमचाही नियम लिथियमलाच लावतात. जुन्या टोटल स्टेशनला निकेल-कॅडमियमच्या बॅटऱ्या असत. त्या अर्ध्याच उतरवून पुन्हा पुन्हा भरल्या तर त्यांना तेवढ्याचीच सवय लागल्यासारखे होई, आणि पुढे तेवढ्यावरच त्या दम टाकत. म्हणून त्या काळी उस्ताद मंडळी सांगत, “पूर्ण उतरव, मगच लाव.” सल्ला बरोबर होता. त्यानंतर निकेल-हायड्राइडच्या आल्या; त्यांची खोड निराळी. नुसत्या कपाटात ठेवल्या तरी त्या महिन्याभरात पंचमांश किंवा त्याहून अधिक रिकाम्या होत. लिथियम-आयनची बॅटरी 1991 साली बाजारात आली. तिच्या पायाभरणीबद्दल जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम आणि अकिरा योशिनो या तिघांना 2019 चे रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आजच्या बहुतेक मोजणी यंत्रांत हीच असते. हिला सवय लागण्याची खोड नाही. हिला पूर्ण उतरवून भरण्याची गरज नाही; उलट वारंवार पुरती उतरवल्याने हिचे आयुष्य कमी होते. दुपारी जेवायच्या सुट्टीत अर्धा तास चार्जिंगला लावली तरी काही बिघडत नाही. अर्धी-अर्धी अशी दोनदा भरली तर ती एकदाच पूर्ण भरल्यात मोजावी. पण काय होते, उस्ताद निवृत्त झाले, बॅटरी बदलली, आणि सल्ला मात्र शिष्यांच्या तोंडी तसाच राहिला.

यंत्राचा पडदा टक्के खोटे दाखवू लागला, म्हणजे साठ टक्के दाखवून एकदम बंद पडू लागला, तर मात्र एकदा पूर्ण वापरून एकदा पूर्ण भरावी. त्याने बॅटरी सुधारत नाही. तिचा हिशेब ठेवणारी घडी जुळते, इतकेच.

लिथियमचा खरा वैरी ऊन. बहुतेक कंपन्या सांगतात की 40 ते 45 अंशांच्या वर हिला चार्जिंग करू नये. आता चंद्रपूर-अकोल्याकडचा वैशाख डोळ्यांपुढे आणा! तेथे सावलीतच पारा 45 च्या पुढे जातो. काचा लावलेली जीप उन्हात उभी केली तर तिच्या आतली हवा 60 अंशांच्या पुढे सहज चढते, आणि त्या जीपमध्ये पुढच्या काचेखाली बॅटरी भरायला लावलेली असते. अशी एक उन्हाळी दुपार बॅटरीचे जे नुकसान करते ते भरून निघत नाही. बैलाला आपण भर उन्हात पाणी पाजून लगेच जुंपत नाही, आधी सावलीत उभा करतो. बॅटरीही यंत्रातून काढली की सावलीत निवू द्यावी, मग भरावी. रात्रीचा गारवा चार्जिंगला उत्तम.

दुसरे असे की लिथियम बॅटरी फार दिवस ठेवायची असेल, उदाहरणार्थ पावसाळ्यात मोजणी बंद असते तेव्हा, तर ती पूर्ण भरून ठेवू नये आणि रिकामीही ठेवू नये. निम्म्याच्या आसपास असावी, थंड कोरड्या जागी असावी, यंत्रातून बाहेर काढलेली असावी. दोन-तीन महिन्यांनी एकदा पाहावी. अगदी रिकामी करून चार महिने विसरली तर आतला दाब इतका खाली जातो की संरक्षक मंडल तिला कुलूप घालते आणि चार्जर तिला ओळखत नाही. मग काही हुशार लोक ट्रॅक्टरच्या बॅटरीच्या तारा लावून तिला “जागी” करू पाहतात. हे कदापि करू नये. तिच्या आत आग लागू शकते, आणि ती आग विझवायला अवघड असते.

गावातल्या विजेचे काय? ती केव्हा येईल, केव्हा जाईल, याचा भरवसा ठेवून मोजणीला निघू नये. मुक्कामाला पोचताच, चहा घेण्याआधी, बॅटऱ्या लावाव्यात. चांगल्या चार्जरला 100 पासून 240 व्होल्टपर्यंतचा दाब चालतो, तेव्हा गावात दिवे मंद असले तरी तो काम करतो. बॅटरी भरली की तो स्वतःच थांबतो, म्हणून रात्रभर लावून ठेवायला हरकत नाही. फक्त कडब्याच्या गंजीजवळ, गादीवर किंवा उशाखाली ठेवू नये, आणि चार्जर त्याच यंत्राचा असावा. जीपमधल्या 12 व्होल्टच्या खोबणीतून चालणारा चार्जर जवळ असला तर प्रवासाचा वेळही उपयोगी पडतो. शाळेत सोय असेल तर गुरुजींनी एक खोबण मोकळी करून द्यावी.

बॅटऱ्यांना नंबर घालावेत आणि वापरायला सुरुवात केल्याची तारीख लिहावी. नाहीतर हाताला लागेल तीच बॅटरी रोज जुंपली जाते आणि दुसरी बसून खराब होते. लिथियम बॅटरी तीनशे ते पाचशे वेळा भरून झाली की तिची ताकद साधारण ऐंशी टक्क्यांवर येते, आणि नुसती पडून राहिली तरी वयाने झिजतेच. म्हणून पाच वर्षांपूर्वीची “कोरी” बॅटरी कोरी नसते. तिचा जीव टक्क्यांवरून नव्हे, घड्याळावरून ओळखावा. भरून यंत्रात घातली तेव्हा वेळ लिहा, संपली तेव्हा वेळ लिहा. चार नोंदी झाल्या की कोणती खरी आणि कोणती नुसती शंभर टक्के दाखवणारी, हे कळते. दिवसाला जेवढ्या लागतील त्याहून एक अधिक न्यावी.

बाजारात मूळ बॅटरीच्या निम्म्या किमतीत दुप्पट अँपिअर-तास छापलेल्या बॅटऱ्या मिळतात. त्यांच्याविषयी एक सोपे गणित सांगतो. या आकाराच्या पुष्कळ बॅटऱ्यांच्या पोटात बोटाएवढ्या जाडीचे चार सेल असतात, दोन-दोनांच्या दोन जोड्या. चांगल्यात चांगल्या अशा सेलमध्ये साडेतीन अँपिअर-तासांच्या आसपास माल मावतो. जोडीचे झाले सात. तेव्हा तेवढ्याच डब्यावर दहा अँपिअर-तास छापलेले दिसले, तर तो आकडा छापखान्यात भरलेला आहे, बॅटरीत नव्हे.

पावसाळी हवेत बॅटरीचे पितळी ओठ काळे पडतात. कोरड्या सुती फडक्याने पुसावेत; चाकूने किंवा पॉलिश कागदाने घासू नयेत, मुलामा जातो. आणि हद्दीच्या खुणांसाठी आणलेल्या लोखंडी खिळ्यांच्या पिशवीत बॅटरी टाकू नये. एखादा खिळा दोन्ही ओठांना आडवा लागला तर बॅटरी हातात धरवणार नाही इतकी तापते.

गावठाणांच्या मोजणीसाठी 24 एप्रिल 2020 रोजी स्वामित्व योजना जाहीर झाली, आणि गावांवरून ड्रोन फिरू लागले. ड्रोनची शिदोरी फारच तोकडी. साध्या चार पंख्यांच्या ड्रोनला वीस मिनिटे ते अर्धा-पाऊण तास, इतकेच. त्यातलीही थोडी परत येण्यासाठी राखावी लागते, कारण टोटल स्टेशनची बॅटरी संपली तर ते जागच्या जागी बंद पडते, ड्रोनची संपली तर तो कोणाच्या तरी छपरावर पडतो.

शेतकऱ्यांनी स्वतः काय करावे, असे विचाराल, तर मोजणीच्या आदल्या दिवशी बांधावरची झुडपे तोडून ठेवावीत, जुने दगड उघडे करून त्यांना चुना लावावा. यंत्राला खूण सरळ दिसली तर जे काम सहा तासांचे ते चारांत होते, आणि बॅटरी मध्ये बदलावी लागत नाही.

एक गोष्ट शिक्षकांकडे. फुगलेली बॅटरी कोठेही दिसली, मोजणीच्या यंत्राची असो की घरच्या फोनची, तर ती वापरू नये, टोचू नये, मुलांच्या हाती देऊ नये. होळीत, शेकोटीत किंवा विहिरीत तर टाकूच नये. बॅटरीच्या कचऱ्याचे केंद्र सरकारचे नियम 2022 साली आले आहेत. त्यांप्रमाणे वापरलेली बॅटरी परत घेण्याची व्यवस्था करणे हे उत्पादकाचे काम आहे. तोपर्यंत ती कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर, सावलीत ठेवावी.

आणि वर्गात करण्याजोगा एक प्रयोग. पुन्हा भरता येणारी विजेरी घ्या, पूर्ण भरा, सकाळी प्रार्थनेनंतर लावा आणि फळ्यावर वेळ लिहा. ती विझली की पुन्हा वेळ लिहा. पुढच्या आठवड्यात तीच विजेरी मधल्या सुट्टीत दहा-दहा मिनिटे बंद ठेवून पुन्हा मोजा. प्रकाशाचा वेळ तेवढाच भरतो की कमी, हे मुलांनी आधी वहीत अंदाजाने लिहावे, मग घड्याळ पाहावे.